निर्गुडीच्या तेलातला धूर

ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र विभागातली सर्वात जुनी वस्तू म्हणजे पितळी वजनकाटा, आणि त्याखालोखाल अंजनाबाई रामटेके. काटा आता बंद पडलाय. अंजनाबाई चालू आहेत.

त्या आल्या एकतीस वर्षांपूर्वी, नवऱ्याच्या जागेवर. सोमाजी रामटेके याच विभागात परिचर होते. त्यांना कावीळ झाली, दोन महिने गावच्या वैदूचं औषध घेतलं आणि तिसऱ्या महिन्यात गेले. अनुकंपा तत्त्वावर नोकरी बायकोला मिळाली. बायको सत्तावीस वर्षांची, आठवी पास, कडेवर मुलगा संघपाल. पहिल्याच दिवशी कोणीतरी तिच्या हातात काचेची नळी देऊन सांगितलं, "ही फुटली तर भरून द्यावी लागेल." तेव्हापासून अंजनाबाईंच्या हातून काही फुटलेलं नाही. प्राध्यापकांच्या हातून पुष्कळ फुटतं, पण त्यांना तसं कोणी सांगितलेलं नव्हतं.

काचसामानाची इंग्रजी नावं पाठ करण्यात त्यांनी वेळ घालवला नाही, स्वतःची ठेवली. पाल्यातलं उडतं तेल काढायचं एक उपकरण असतं. खाली गोल चंबू, त्यात पाला आणि पाणी. वर थंड पाण्याची नळी, आणि बाजूला सोंडेसारखी बारीक मोजनळी. पाणी चार तास उकळत ठेवायचं, वाफेबरोबर पानातलं तेल वर चढतं, थंड होतं, सोंडेत उतरतं आणि पाण्यावर तरंगतं. तीनशे ग्रॅम वाळल्या पाल्यातून निघतं जेमतेम चमच्याचा पाव हिस्सा. याला अंजनाबाई 'हत्ती' म्हणायच्या. पुढे विभागातले सगळेच म्हणू लागले. बाहेरगावचे पाहुणे आले आणि विभागप्रमुख "हत्ती लावला का?" असं विचारू लागले, तर पाहुणे खिडकीबाहेर बघायचे.

रीता पिलारे याच कॉलेजात शिकली आणि याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास तेवढी बिदागी, सुटीत काही नाही, आणि दर जूनमध्ये नव्याने अर्ज. अशी नऊ वर्षं झाली होती. पक्क्या जागेसाठी पीएच.डी. पाहिजे. तिच्या नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा वाढत नाही. पंधरा नोव्हेंबरला प्रबंध विद्यापीठात पोचला नाही तर सहा वर्षांचं काम रद्दीत, आणि रीता पस्तिसाव्या वर्षी पुन्हा पहिल्या पायरीवर. हे सगळ्या विभागाला पाठ होतं, कारण तारीख फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेली होती आणि ती पुसायची नाही अशी अंजनाबाईंची ताकीद होती.

विषय होता निर्गुडी. निर्गुडी कोणाला माहीत नाही! गुडघे धरले की पाला गरम करून बांधायचा, बाळंतिणीच्या आंघोळीच्या पाण्यात टाकायचा, धानाच्या कोठीत किडीसाठी पसरायचा. पण तेलात नेमकं काय असतं, किती असतं, आणि ते जंतू मारतं का, हे रीताला तीन ठिकाणच्या पाल्यावरून सांगायचं होतं. एक वैनगंगेच्या काठचा, दुसरा बल्लारपूरकडचा, कोळसा खाणीजवळचा, आणि तिसरा नदीपलीकडच्या, गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीच्या जंगलातला. प्रबंधाच्या मंजूर शीर्षकातच 'तीन अधिवास' असे शब्द होते. दोन करून चालणार नव्हतं.

पहिले दोन नमुने उन्हाळ्यात झाले. नियम साधा होता. पाला वरच्या खोलीत वर्तमानपत्रावर पसरायचा, सावलीत, दहा दिवस. ऊन लागलं की तेल उडतं. तिसरा नमुना आणायला ऑगस्ट उजाडला, कारण आरमोरीकडे जायला रीताला सुटी मिळेना. धानाची रोवणी आटोपत आली होती, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि वरच्या खोलीचं छत तीन ठिकाणी गळत होतं. पाला पसरून रीता पेपर तपासायला बारा दिवस चंद्रपूरला गेली. तिसऱ्या दिवशी अंजनाबाईंनी पाला उलटून पाहिला तर खालून काळा पडत चाललेला, आणि एका कोपऱ्यात पांढरी बुरशी.

त्यांनी बुरशीचा भाग फेकला, उरलेला गोणीत भरला आणि घरी नेला.

पावसाळ्यात जे टिकवायचं ते चुलीवर, हे त्या भागात कोणाला शिकवावं लागत नाही. अंजनाबाईंच्या घरी गॅस आहे, पण भात आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच. चुलीच्या वर छताला बांबूची जाळी टांगलेली. तिच्यावर एका बाजूला वालाचं बियाणं, एका बाजूला मक्याची कणसं, आणि मधे धुरावर सुकायला घातलेले झिंगे, म्हणजे नदीतली बारीक कोळंबी. सून खुशबू भात घाटत होती. तिने वर पाहिलं.

"आई, कालेजचा पाला होय ना हा? झिंग्याचा वास लागंल ना त्याले."

"म्हनून त झिंगे काढून राह्यली," अंजनाबाई म्हणाल्या. "धर खाली."

झिंगे काढले. जाळी ओल्या फडक्याने पुसली, वर कोरं वर्तमानपत्र अंथरलं. एवढी काळजी घरच्या कोणत्याही वस्तूची त्यांनी घेतली नव्हती. ऊन तिथे येत नव्हतं, पाऊस येत नव्हता, कोंबडी चढत नव्हती. नऊ दिवसांत पाला असा वाळला की हातात चुरा व्हावा. त्यांनी तो पाकिटात भरला, वर रीताच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवली आणि कपाटात ठेवला.

रीता परत आली. "बाई, या पावसात किती मस्त वाळला हो!"

"हो," अंजनाबाई म्हणाल्या. बुरशीचं सांगून पोरीच्या जिवाला घोर कशाला, असं त्यांना वाटलं. चुलीचं सांगावं असं वाटलंच नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

सप्टेंबरात हत्ती लागला. सोंडेत तेल उतरलं. आधीची दोन तेलं फिकट पिवळी होती, हे किंचित तांबूस. अंजनाबाईंनी बाटली भरताना वास घेतला. घरचा होता. लुगड्याला येतो तोच. मग रीताने घेतला, विभागप्रमुख गुणवंतराव नाकतोडे सरांनी घेतला. दोघं इतका वेळ डोळे मिटून राहिले की, यांना कळलंच असणार, असं अंजनाबाईंनी धरलं. एवढी शिकलेली माणसं, आणि नाक सगळ्यांना सारखंच.

नंतरच्या आठवड्यात जंतूंची परीक्षा झाली. काचेच्या बशीत खळीसारखं माध्यम ओतायचं, त्यावर जंतू पसरायचे, मधोमध तेलात बुडवलेली कागदाची टिकली ठेवायची. तेल गुणकारी असेल तर दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं. जेवढं वर्तुळ मोठं तेवढं तेल भारी. बशा ओतण्यात अंजनाबाईंचा हात विभागात सर्वात साफ होता, आणि वर्तुळंही त्याच मोजत, शाळेच्या फूटपट्टीने. वैनगंगेचं वर्तुळ दहा मिलिमीटर. बल्लारपूरचं अकरा. आरमोरीचं तेवीस.

रीताने स्वतः पुन्हा मोजलं. तेवीस. पुन्हा बशा लावल्या. बावीस.

महिनाअखेरीस नागपूरच्या प्रयोगशाळेतून तेलांच्या घटकांचा अहवाल आला. पहिल्या दोन तेलांत सॅबिनिन, कॅरियोफायलिन, आणखी तीसेक नावं, असायला हवी तशी. तिसऱ्यात तीच नावं, आणि वर नऊ टक्के गुआयकॉल, थोडा क्रेसॉल. गुणवंतराव सरांनी चष्मा काढून पुसला. रीताचे मार्गदर्शक तेच होते. मार्गदर्शन म्हणजे जिथे खूण केली असेल तिथे सही करणं, पण त्या दिवशी ते खुर्चीवरून उठले.

"रीता, ही वेगळी जातच निघाली म्हणायची! गडचिरोलीच्या मातीचा गुण. निर्गुडीत गुआयकॉल मी तरी कुठं वाचला नाही."

"मीही नाही, सर."

"मग झालं तर. आता पक्की जागा तुझ्या घरी चालत येते. बाई, चहा सांगा. नाही, पेढे सांगा."

अंजनाबाई बशा धूत होत्या. त्यांनी विचारलं, "म्याडम, हे गुवा का काय म्हन्ता, ते का होय?"

रीता आनंदात होती. तिने नीट समजावून सांगितलं. "लाकूड जळलं ना बाई, की धुरात तयार होते ते. धुराने मासे टिकतात ना, ते त्याच्यामुळेच. जंतू मरतात. पण इथे ते पानात सापडलं! तेच तर नवल."

अंजनाबाईंनी हातातली बशी पालथी ठेवली. मग दुसरी पालथी ठेवली. सगळ्या ठेवून झाल्यावर म्हणाल्या, "म्याडम, जरा काट्याच्या खोलीत या."

काट्याच्या खोलीत त्यांनी दार लावलं.

"थो धूर माह्या घरचा होय."

"कोणता धूर?"

"पाला बुरसून राह्यला होता. मी घरी नेला. नऊ दिवस चुलीवर होता. झिंगे काढून ठेवले होते," त्यांनी जोडलं, कारण तेही खरं होतं.

रीताने दाराची कडी नीट लागली आहे ना ते पाहिलं. मग म्हणाली, "कोणाला सांगितलं?"

"कोनालेच नाई."

"मग नका सांगू, बाई. पाया पडते. दीड महिना राह्यला फक्त. आता नवीन पाला, नवीन तेल, नागपूरला महिन्याची रांग. कसं होईल? तुम्हीच सांगा, कसं होईल?"

"नाई सांगत," अंजनाबाई म्हणाल्या. चूक आपली, प्रबंध पोरीचा. बोलायचा हक्क तिचा.

प्रश्न इथेच मिटला असता. पण सरांनी दोन दिवसांत एका स्थानिक वर्तमानपत्रात बातमी दिली, 'आरमोरीच्या निर्गुडीत दुप्पट औषधी गुण', सोबत स्वतःचा फोटो. बातमी अंजनाबाईंच्या गल्लीत पोचली. शेजारच्या नीलाबाईंना साखरेचा आजार, पायाच्या अंगठ्याला महिनाभर जखम. त्या लंगडत दारात आल्या.

"अंजना, तुह्या कालेजचा आरमोरीचा पाला आन ना मले थोडा. दवाखान्यात जाऊन जाऊन थकली मी. जखम बसतच नाई. पेपरात त आलं, डब्बल काम करते म्हन्ते."

"आपल्या बांधावरची का वाईट हाय?"

"हे बांधावरची! ते जंगलची होय. तू तिथी काम करते अना तुलेच मालूम नाई?"

"मालूम हाय म्हनून सांगतो. पाला बांधू नोको. उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात चाल, मी येतो संगं."

"येशीन का? तुले कालेज नाई?"

"हाफ डे टाकतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नीलाबाईंना दवाखान्यात नेलं, मलमपट्टी होईपर्यंत बसल्या, आणि तिथूनच काळीपिवळी जीप धरून आरमोरीला गेल्या. झाड त्यांना माहीत होतं. पाला आणताना त्याच रीताबरोबर होत्या, अर्ध्या फांद्याही त्यांनीच तोडल्या होत्या. येताना नदीकाठचाही पाला घेतला. रीताला काही सांगितलं नाही. सांगायचं नाही असं ठरलं होतं. करायचं नाही असं काही ठरलं नव्हतं.

आरमोरीचा अर्धा पाला वरच्या खोलीत पसरला, अर्धा चुलीवर. नदीकाठचाही तसाच, अर्धा इथे, अर्धा तिथे. खुशबूने न सांगता झिंगे काढले. दसरा होता. दरवर्षी त्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला, दीक्षाभूमीला जातात. त्या वर्षी संघपाल एकटा गेला, कारण खोलीतला पाला दिवसातून दोनदा उलटायचा असतो. दहा दिवसांनी त्यांनी सुटीच्या दिवसांत चार वेळा हत्ती लावला, चार बाटल्या भरल्या, चार बशा ओतल्या.

सोमवारी रीता आली तेव्हा तिच्या टेबलावर चार बशा होत्या, प्रत्येकीखाली कागद. आरमोरी, खोली: अकरा. आरमोरी, चूल: बावीस. नदीकाठ, खोली: दहा. नदीकाठ, चूल: एकवीस.

रीताने फूटपट्टी घेतली, मग परत ठेवली. अंजनाबाईंनी मोजलेलं पुन्हा मोजण्यात अर्थ नव्हता.

"म्हणजे आमच्या घरचा पुदिना चुलीवर टांगला तरी वीस येईल," ती म्हणाली.

"झिंगे लावून पाहा. तेई येतीन."

रीता हसली आणि मग रडली. अंजनाबाईंनी दोन्ही होऊ दिलं. विद्यार्थी यायला अजून पंधरा मिनिटं होती.

गुणवंतराव सरांना कळलं तेव्हा त्यांनी आधी दार लावलं. विभागात दार लावायची ती महिन्याभरातली दुसरी वेळ.

"हे बघ रीता. कोण येते तुझ्या चुलीत पाहायला? आकडे खरे आहेत ना? मशीननेच दिले ना? 'स्थानिक वाळवणी पद्धत' असं लिही बारीक अक्षरात, अन पुढं चल."

"सर, बाकी दोन नमुने खोलीत वाळवले. तुलना कशाची करू? मातीची की चुलीची?"

"पेपरात आलं आहे माझं!"

"तुमचं आलं आहे, सर. माझा फोटो नाही त्यात."

सर खुर्चीत बसले. अंजनाबाईंनी त्यांच्यापुढे पाणी ठेवलं आणि बाहेर आल्या. पंचवीस वर्षांत या माणसाला असं कोणी बोललेलं नव्हतं, आणि पाणी लागणार हे उघड होतं.

खोलीत वाळलेल्या आरमोरीच्या तेलाचा अहवाल आता नव्याने हवा होता. नागपूरला फोन केला तर पाच आठवडे. पंधरा नोव्हेंबरला चारच उरले होते. रीताचे तास होते, ती हलू शकत नव्हती. अंजनाबाईंनी बाटली बर्फासकट जेवणाच्या डब्यात घातली आणि सकाळच्या बसने निघाल्या. प्रयोगशाळेतल्या मुलाने वही पुढे केली.

"मावशी, नमुना ठेवा अन जा. नंबर लागला की मेल करतो."

"मी इथीच बसतो."

"इथं बसून काय होते? पाच हप्ते लागतात."

"लागू द्या."

त्या पायऱ्यांवर बसल्या. दुपारी त्यांनी दुसरा डबा काढून जेवण केलं. तीन वाजता बेसिनमध्ये कालपासूनची काचेची भांडी पडलेली दिसली म्हणून उठल्या आणि धुऊन, गाळलेल्या पाण्याने खंगाळून, पालथी मांडून ठेवली. मुलाने एक नळी उजेडात धरून पाहिली. ठिपका नव्हता.

"कुठं शिकल्या तुम्ही?"

"बर्मपुरीले."

दुसऱ्या दिवशीही त्या तिथेच होत्या, रात्री नात्यातल्या एका घरी झोपून आलेल्या. संध्याकाळी साडेचारला एका कंपनीचा नमुना आलाच नाही आणि मशीन रिकामं राहिलं. मुलाने वहीकडे पाहिलं, मग पायऱ्यांकडे पाहिलं. अहवाल घेऊनच अंजनाबाई परतल्या. सॅबिनिन, कॅरियोफायलिन, बाकीची तीसेक नावं. गुआयकॉल शून्य. आरमोरीची निर्गुडी वैनगंगेच्या निर्गुडीहून फारशी वेगळी नव्हती. सहा वर्षांच्या कामाचा निष्कर्ष एवढाच निघाला, पण निघाला.

रीताने तिसरं प्रकरण पुन्हा लिहिलं. एक परिच्छेद जुन्या नमुन्यावर होता. तो ती टाईप करत असताना अंजनाबाई मागे उभ्या होत्या.

"वाचून दाखवा."

"'आरमोरीचा पहिला नमुना विभागातील एका कर्मचाऱ्याकडून स्वयंपाकघरातील चुलीवर वाळवला गेल्याने बाद करण्यात आला. धुरातील घटक पानांवर बसून तेलात उतरतात, हे चार नमुन्यांच्या तुलनेवरून दिसून आले.'"

"एका कर्मचाऱ्याकडून म्हंजे कोन?"

"बाई, असंच लिहितात."

"या विभागात कर्मचारी किती हायत?"

"तुम्ही एकट्याच."

"मंग नाव लिवा. परमेश्वरानं वाळवला का थो?"

"अहो, चुकीखाली नाव कोणी घालते का? उद्या कोणी चौकशी लावली तर?"

"लावू द्या. चार बशा मीच वतल्या, तेई लिवा. एक वाक्य चुकीचं, एक वाक्य बशाचं. दोन्ही वाक्यांत नाव पायजे. अंजनाबाई सोमाजी रामटेके. 'सोमाजी' सोडू नका."

रीताने लिहिलं. सरांनी खूण केलेल्या ठिकाणी सही केली, त्या पानाकडे न बघता. तेरा नोव्हेंबरला प्रबंध विद्यापीठात पोचला. पक्क्या जागेची जाहिरात डिसेंबरात निघाली आणि जानेवारीत भरतीला स्थगिती आली. रीताने जूनसाठी नवा अर्ज लिहून ठेवला.

एप्रिलमध्ये मौखिक परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक बारीक अंगाचे, खालच्या आवाजात बोलणारे. त्यांनी तेलाच्या घटकांवर दोन प्रश्न विचारले, जंतूंवर एक. मग एकशे सत्तेचाळिसावं पान उघडलं आणि वीस मिनिटं तिथेच थांबले. जाळी चुलीपासून किती उंच? नऊ दिवस की दहा? धूर सतत की स्वयंपाकापुरता? रीताने सगळं सांगितलं, अंजनाबाईंकडून ऐकून लिहून घेतलं होतं.

"लाकूड कोणतं?" परीक्षकांनी विचारलं.

हे रीताने अंजनाबाईंना विचारलेलं नव्हतं. गुणवंतराव सर छताकडे बघू लागले. सभागृहात चाळीसेक माणसं होती. अंजनाबाई चहाचा ट्रे घेऊन दारापाशी उभ्या होत्या.

रीता वळली. "बाई, लाकूड कोणतं होतं?"

"पावसाळ्यात धावडा," अंजनाबाई म्हणाल्या. "वल्ला होता, म्हनून धूर जादा. दसऱ्याले येन होता, सुका."

परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. "धावडा ओला. ऐन सुका. दोन्ही वेळा वर्तुळ जवळपास सारखंच?"

"येका मिलिमीटरचा फरक. धावड्याले जादा."

त्यांनी ते प्रबंधाच्या समासात लिहून घेतलं, दोन ओळी, सावकाश. मग शिफारसपत्र पुढे ओढून पदवी द्यावी असं लिहिलं आणि सही केली. रीता टेबलाची कडा धरून उभी होती. अंजनाबाई आत आल्या आणि आधी तिच्या हातात कप दिला, मग परीक्षकांच्या, सरांच्या शेवटी. चहा निवला होता, पण सगळ्यांनी तो संपवला.